उतारावरच्या काठ्या

शाळेची बस चालवता चालवता क्लचने ताईचा डावा गुडघा पार खाल्ला होता. तरी निवृत्त झाल्यावर डोंगरांतून आठवडाभर पायी जायचं खूळ तिच्याच डोक्यात शिरलं. सोबतीला धाकटी बहीण तयार झाली. ती कपडे शिवायची आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने ताईच्या अरुंद पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकला टेकवून, चालायच्या काठ्यांचे दोन जोड उभे केले.

"एक तुझा."

ताईने नाक मुरडलं. "बोळाबोळांतून बस वळवली मी. आता काठ्या टेकत फिरू? बसमधली पोरं हसतील मला."

"पोरं काय डोंगरावर येणारेत?"

पण ताई हट्टाला पेटली होती. शेवटी बहिणीने तो जोडही आपल्याच सॅकला बांधला.

चढावर ताई पुढेच होती, पण नजर सतत पायाखाली. "ताई, गरुड बघ!" बहीण ओरडायची. "दगड बघू की गरुड?" ताई खेकसायची.

खिंड ओलांडली आणि निसरड्या दगडांचा उतार लागला. गुडघ्यातून कळ गेली, पाय सटकला आणि ताई धपकन खाली बसली. शेजारी खोल दरी, धुक्याने भरलेली. 

 बहिणीने सॅकला बांधलेल्या काठ्या सोडल्या, ताईच्या कोपराच्या उंचीला लावल्या आणि म्हणाली, "काठीच्या पट्ट्यात हात खालून घाल. आधी काठ्या, मग पाय."

ताईने मुकाट्याने ऐकलं. भार खांद्यांवर गेला, गुडघा निवला. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की आपली मान वर आहे.

तेवढ्यात धुकं फाटलं. समोर बर्फाचा कडा थेट आभाळात घुसलेला. त्यावरून कोसळणारं पाणी इतक्या उंचावरून येत होतं, की खाली पोचायच्या आधीच विरून जात होतं. खाली अख्ख्या जंगलावरून एका ढगाची सावली सावकाश सरकत होती.

जन्मभर बसमध्ये मागून पोरं ओरडायची, "मावशी, ते बघा!" आणि तिची नजर रस्त्यावरून हलायची नाही.

"चल, उशीर होईल," बहीण म्हणाली.

"थांब गं." ताई म्हणाली. "मला बघू दे."

त्या दिवशी मागून येणारे सगळे त्यांना ओलांडून गेले. ताई वळणावळणावर थांबत, दोन्ही काठ्यांवर रेलून, बघतच राहिली.