सुभेदार आणि गुरुवारच्या फाइली

स्क्रीनवर चुकांच्या ओळी धडाधड यायला लागल्या की सुभेदार दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसायचे. इतर प्रोग्रामर अशा वेळी कीबोर्डवर तुटून पडतात. हे बदल, ते बदल, पुन्हा कंपाइल कर. सुभेदार मात्र दहा-दहा मिनिटं नुसते वाचत राहायचे आणि मी त्यांच्या पाठीमागे येरझाऱ्या घालायचो. एकदा न राहवून मी ओरडलो, की मी तुम्हाला बसायचा पगार देतो का? मान न वळवता ते म्हणाले, "हात मोकळं सोडलं की ते कायतरी करत्यात, शेठ. मग मूळचा बिघाड कंचा आन हातानं केल्याला कंचा, ते देवाला बी कळत न्हाई."

या माणसावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही.

मी मूळचा विट्याचा. आमच्याकडच्या बाकीच्यांसारखा मीही कोवळ्या वयात परमुलखात गलाईच्या दुकानात गेलो. सोनं गाळायला तिथे सगळेच शिकतात. मी समोरच्या माणसाला घाई किती आहे ते ओळखायला शिकलो. त्या एका विद्येवर परत येऊन सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. नव्वदीतली गोष्ट. साखर कारखान्यांना तेव्हा युनिक्सची मशीन हवी असायची: एक मोठा डबा आणि त्याला जोडलेले सहा-आठ पडदे. मी मशीन विकायचो, पण त्यावर प्रोग्राम उभा करणारा माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नव्हता. तेवढ्यात जतकडचे एक निवृत्त सुभेदार दुकानात आले. सैन्याच्या सिग्नल विभागात त्यांनी युनिक्सवर काम केलं होतं. मी पगाराचा आकडा मुद्दाम पाडून सांगितला, म्हणजे घासाघीस करून योग्य जागी येता येईल. ते "बरं" म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. माझा पहिला राग तिथला. जो माणूस भावच करत नाही, त्याच्याशी व्यवहार करायचा तरी कसा?

त्यांचा दुसरा नियम मेंढरांचा होता. कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना, एखादी चूक निघाली की तिच्यामागे पडदाभर चुका यायच्या. त्यांच्या हाताखाली ठेवलेली शिकाऊ पोरं शेवटून दुरुस्त करत वर जायची, कारण शेवटची ओळ डोळ्यांसमोर असायची. सुभेदार थेट सगळ्यात वर जायचे आणि फक्त पहिली ओळ कागदावर उतरवून घ्यायचे. "आमच्याकडं एक मेंढरू हिरीत पडलं की सगळी त्येच्या मागनं उड्या टाकत्यात," ते सांगायचे. "पयलं मेंढरू का पडलं तेवडं बगायचं. बाकीची मोजत बसायची न्हाईत." पहिली चूक दुरुस्त झाली की खरोखरच बाकीच्या पन्नास नाहीशा व्हायच्या. हे मी इतक्या वेळा पाहिलं की शेवटी त्यांच्यापुढे ओरडायचं सोडून दिलं. निदान रोजचं तरी.

तिसरी सवय मला सर्वांत जड जायची. बिघाडाला हात लावण्याआधी ते खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचे, काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर मधे काय बदललं? सगळे म्हणायचे, काही नाही. ते वहीत नावापुढे "काही नाही" असं लिहून घ्यायचे. मला हे चौकशी लावल्यासारखं वाटायचं. मी तसं बोललोही. ते म्हणाले की मशीन स्वतःहून काही करत नाही, त्याला कंटाळाच येत नाही.

ज्याच्यासाठी हे लिहितो आहे ते घडलं कराडच्या अलीकडच्या एका कारखान्यात. ऊस वजन करायच्या काट्यावर आमचा प्रोग्राम बसायचा होता. भरलेली गाडी, मोकळी गाडी, वजाबाकी, पावती. गुरुवारी उसाची पहिली मोळी टाकून गाळप सुरू होणार आणि पहिल्या गाडीची पावती आमच्या मशीनवर निघणार, असं ठरलं होतं. हे काम मिळालं तर आजूबाजूचे चार कारखाने माझ्याकडे आपोआप येणार होते. गेलं तर मशीनसाठी उचललेल्या कर्जापायी दुकान विकावं लागणार होतं. शिवाय सोमवारी पुण्याची एक पार्टी स्वतःचा प्रोग्राम दाखवायला येणार असल्याची बातमी मला लागली होती.

म्हणून शनिवारीच चेअरमनची सही घ्यायला मी एकटा गेलो. सुभेदार सुट्टीला गावी गेले होते. चेअरमन म्हणाले, "मुहूर्ताची तारीख छापलेली पावती दाखवा. ती बघतो आणि सही करतो." घाई कोणाला आहे हे त्या दिवशी समोरच्यानं ओळखलं होतं. मी म्हणालो, आत्ता दाखवतो.

मशीनची तारीख बदलायला रूटचा पासवर्ड लागतो. म्हणजे घराच्या मालकाची किल्ली. ती सुभेदारांकडे असायची आणि एक प्रत बंद पाकिटात माझ्या बॅगेत. मशीन पेटलं तरच फोडायचं, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. मी ते फोडलं. तारीख पुढच्या गुरुवारची केली. मशीनपाशी ठेवलेल्या त्यांच्या वहीत कामाची यादी होती: जुन्या तयार फाइली, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या, पुसा, सगळं नव्यानं कंपाइल करा, पावती काढा. मी यादीवर बोट ठेवून एकेक ओळ केली. पावती निघाली. चेअरमननी ती कपाळाला लावली आणि सही केली. मी तारीख होती तशी करून ठेवली आणि नवं पाकीट चिकटवलं.

सोमवारी कारखान्यानं एक बदल सांगितला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, दोन्हींचं वजन वेगळं दिसलं पाहिजे. सुभेदारांनी जुन्या फाइलीत त्यासाठी एक तुकडा लिहिला, दुसऱ्या नव्या फाइलीतून त्याला हाक मारली आणि सगळ्या फाइली जोडून प्रोग्राम बांधायला घेतला. पडद्यावर आलं, की असा तुकडा कुठेच नाही. त्यांनी फाइल उघडून पाहिली. तुकडा होता. पुन्हा बांधलं. तुकडा नाही.

ते हात मांड्यांखाली घालून बसले. पहिली ओळ वाचली. पहिली आणि शेवटची ओळ एकच होती, कारण चूकच एक होती. मंगळवारी सकाळी त्यांनी तुकड्याचं नाव बदललं, दुसऱ्या नावानं लिहिला. तोही नाही. "डोळ्यांम्होरं लिवलंय," ते म्हणाले, "आन हे म्हनतंय न्हाईच." त्यांचा आवाज असा झालेला मी पूर्वी ऐकला नव्हता. त्यांनी वही काढली आणि मला विचारलं, काय बदललं? मी म्हणालो, काही नाही.

त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं सांगतो. तारीख मी परत जागेवर आणली होती. घड्याळ पुढं करून मागं आणलं तर घरातलं काय बिघडतं? मला पाकिटाची लाज होती, इतकंच. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे "काही नाही" लिहिलं.

मंगळवारी दुपारी मीच सुचवलं, सगळ्या तयार फाइली पुसा आणि पहिल्यापासून बांधा. ते म्हणाले, "पुसलं की चालंल बी. पन का बिगाडलं हुतं ते बी पुसलं जाईल. ऐन गाळपात परत झालं, काट्यावर शंभर गाड्या हुब्या असल्या, मग काय करायचं?" मी संतापलो. गुरुवार तोंडावर आला आहे, तुमचं संशोधन नंतर करा, असं पडद्यासमोर बसलेल्या सगळ्या कारकुनांच्या देखत बोललो. ते पुन्हा फाइल वाचायला लागले. माझ्या हातात ना मशीन, ना माणूस. पुण्याची पार्टी गेस्ट हाउसवर मुक्काम करून होती आणि कॅन्टीनला जाता-येता मला नमस्कार करायची.

बुधवारी दुपारी सुभेदारांनी सगळ्या फाइलींची यादी छापून घेतली, तारखांसकट. हातभर लांब कागद. भिंग घेऊन ते ओळ ओळ खाली उतरत होते. मग उठले, माझ्याकडे आले आणि कागद पुढे धरला.

"आज बुधवार. ही फाइल तयार झाली उद्या दुपारी. उद्याची फाइल आज कशी काय आली, शेठ?"

त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मी विचारलं होतं. प्रोग्राम बांधणारा जो हुकूम आहे, मेक नावाचा, तो म्हणजे हजेरी घेणारा हवालदार. तारीख बघतो, तोंड बघत नाही. लिहिलेली फाइल तयार फाइलीपेक्षा नवी असेल, तरच तिला पुन्हा कंपाइल करतो. इथे तयार फाइली गुरुवारच्या. सोमवारी लिहिलेलं त्यांच्यापुढे जुनंच. हवालदार रोज येत होता, तारीख बघत होता आणि सगळं ठीक म्हणून परत जात होता.

"मी केलं," मी म्हणालो. "शनिवारी."

"पाकीट फोडलं व्हय?"

"व्हय."

त्यांनी वही उघडून माझ्या नावापुढचं "काही नाही" खोडलं, वार लिहिला आणि कामाला लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर मीही चार शब्द बोललो असतो आणि हिशोब मिटला असता. तयार फाइली पुसून दिवेलागणीपर्यंत त्यांनी सगळं नव्यानं बांधलं. दोन ट्रॉल्यांची पावती बिनचूक निघाली.

पण काट्याचा प्रोग्राम तीन दिवस अडला, हे वरपर्यंत गेलं होतं. कारखान्याच्या एम.डी.नी आम्हा दोघांना बोलावलं. मी आधीच सुरुवात केली, की कंपनीकडून आलेल्या टेपमध्ये दोष होता. एम.डी.नी मला हातानं थांबवलं आणि सुभेदारांना सांगा म्हणाले.

"मशीनची तारीख फुडं गेली हुती, साहेब. शनिवारी."

एम.डी. खुर्चीत सरळ झाले. काट्याची तारीख हातानं पुढे-मागे होते, हे विरोधी गटाला कळलं तर काटामारीचा बोभाटा व्हायला दुसरं काही लागणार नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी विचारलं, "कोणी केली?"

मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सावधानमध्ये उभे होते.

"मशीन माज्या ताब्यात हुतं, साहेब. पहारा माजा हुता."

एवढंच. मी केली, असं ते म्हणाले नाहीत. ते खोटं बोलत नसत. पहाऱ्यावर चोरी झाली की जबाब पहारेकऱ्यानं द्यायचा, हा त्यांचा कायदा होता आणि तो त्यांनी म्हणून दाखवला. एम.डी.नी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. हा माणूस उद्यापासून गेटच्या आत नको, म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

आयुष्यभर मी बोलूनच पोट भरलं आहे. त्या वेळी तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच, "ठीक आहे, साहेब."

त्यांना कराडच्या स्टँडवर मीच सोडलं. वाटेत मी वाट बघत होतो, की हा माणूस आता काहीतरी मागेल. शिवी देईल, निदान. काही मागितलं असतं तर मी दिलं असतं, दुप्पट दिलं असतं. ते नव्या माणसानं मशीन कसं बंद करावं आणि टेपवर प्रती कधी काढाव्यात, ते सांगत राहिले. जतची गाडी लागली होती. पत्र्याची ट्रंक टपावर चढवून ते आत जाऊन बसले. गुरुवारी मोळी पडली, पावती निघाली, टाळ्या वाजल्या.

पुढच्या हंगामाआधी प्रोग्राम पुन्हा अडला. मी ठेवलेल्या दोन पदवीधरांना महिनाभरात उलगडेना. खरं सांगायचं तर तेवढं निमित्त मला पुरलं. मी जीप काढून जतच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला त्यांच्या गावी गेलो. ते दारात पाण्याचे बॅरल ओळीनं लावत होते, टँकर येणार होता. त्यांच्या पत्नीनं बाज टाकली. परत चला, असं मी म्हणालो. ते नको म्हणाले. मेंढरं आहेत, आता बास झालं. मी आकडा सांगितला. वाढवून सांगितला. ते हसले.

मग माझा तोल गेला. बाईंच्या देखत मी ओरडलो, की माझं नाव सांगायचं होतंत तुम्ही. एक शब्द. तुमच्यामुळे वर्षभर मला झोप नाही. मी काय तुमच्याकडे उपकार मागितले होते?

ते बॅरलवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मी कशाला सांगू, शेठ? तुमी हुतासा की तितं."

टँकरचा हॉर्न वाजला आणि ते बादल्या घेऊन पळाले. मी बाजेवर बसून राहिलो. पाणी भरून ते आले, माझ्यासोबत चहा प्याले, माझ्या पदवीधरांचा बिघाड ऐकून घेतला आणि एका कागदावर चार ओळींचा उपाय लिहून दिला. तो लागू पडला. त्यानंतर त्यांची-माझी भेट झाली नाही.

त्या कारखान्याचं काम मी चार हंगाम केलं. दरवर्षी मोळी टाकायच्या आधी बैठक व्हायची आणि चहा आला की एम.डी. सगळ्यांसमोर मला हसत विचारायचे, "तो तारीख बदलणारा सुभेदार गेला ना हो?"

मी म्हणायचो, "गेला."