बारीक तोंडाचा दिवा

किसनभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो राहिलेल्या साठ दिव्यांचा. खोटं कशाला लिहू... पाच आठवडे झाले, अजून लाज वाटते.

किसनभाऊ अमडापूरचे कुंभार, मी मेहकरचा निवृत्त इतिहास शिक्षक. शहरातल्या एका संग्रहालयाच्या दुकानाला प्राचीन रोमन दिव्यांच्या मातीच्या प्रतिकृती हव्या होत्या आणि मी छातीठोक शब्द देऊन बसलो होतो. तो दिवा आपल्या पणतीसारखा उघडा नसतो. कासवासारखा वरून बंद, पुढे वातीची चोच, पाठीवर तेल ओतायला बारीक तोंड. साच्यात बोटांनी माती दाबून दोन अर्धे करायचे आणि ते जोडायचे. भाऊंना दोन दिवसांत जमलं. फक्त ते तोंड त्यांनी बोट जाईल एवढं रुंद ठेवलं. मी ओसरीवर पट्टी घेऊन बसलो आणि मापात नाहीत म्हणून चाळीसच्या चाळीस दिवे त्यांच्या बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर फोडले. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! भाऊ खापऱ्या गोळा करत एवढंच म्हणाले, "सर, तेल सरलं तं दिसाले पाह्यजे ना माणसाले."

"हे काचेच्या कपाटात राहणार. पेटवणार कोण?" मी म्हणालो.

पुढे जेवढे दिवे केले, तेवढे त्यांनी बिनचूक केले. त्या नादात पणत्या करणं राहूनच गेलं.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी भेटायला गेलो. भाऊंनी प्राण सोडला त्या जागी पिठावर दिवा ठेवला होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. दिवा त्यांच्याच हातचा हवा, हा वहिनींचा हट्ट, आणि घरात पणती एकही नव्हती. म्हणून माझा रोमन दिवा. मी पोहोचलो तेव्हा तो विझला होता, भरदुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना. नवऱ्याला अंधारात लोटलं, म्हणून एक म्हातारी वहिनींना बोल लावत होती. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेल सरलं ते दिसलंच नाही, सर."

चूक माझी आहे, हे तिथंच सांगायला हवं होतं. मी शेजाऱ्यांनी आणलेला चहा प्यायलो आणि उठलो.

त्यांचा एक दिवा माझ्या टेबलावर आहे. माती दाबताना उमटलेले त्यांच्या बोटांचे ठसे आत तसेच आहेत, बॅटरी लावली की एखादा दिसतो. हात लावावासा वाटतो... रोज करंगळी घालून बघतो. जात नाही. तोंड बारीक आहे, अगदी मी सांगितलं होतं तेवढंच.