न पडणारा खटका

आमच्या आयनं दांडीच्या किनाऱ्यावरून हाक मारली की समुद्रातल्या बोटी वळतात. आमच्याच नाही, शेजारच्या गावच्यासुद्धा.

तिचा सगळा जीव मासे ठेवायच्या डीप फ्रीझरमध्ये. भाव येईपर्यंत पापलेट त्यात झोपायचं. पण फ्रीझर घरघरला की बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की खाली पडणारा खटका, धाडकन पडायचा. दिवसातून हजारदा. मी कमीच सांगतोय.

“तुमचा खटकाच नाजूक हाय,” भाऊजी म्हणाले. बहिणीचा हा नवरा कुंभवलीकडच्या कारखान्यात कामाला. त्यांनी तिथल्या भंगारातली त्रेसष्ट अँपिअरची एमसीबी, म्हणजे तसाच दिसणारा दणकट खटका, आणली आणि आरसीसीबी काढून तिथं बसवली. “आता वीज कोसळली तरी पडनार नाय!”

नाहीच पडली. आम्ही त्यांना कोलंबी खाऊ घातली.

मग आय म्हणायला लागली, “झाकनाला हात लावला का मुंग्या येतात रे.” आम्ही म्हटलं, बर्फानं येत असतील.

एका सकाळी बोट लागली. आय मिठाच्या ओल्या हातांनी, अनवाणी, फ्रीझरपाशी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात उभी. “अरं, टोपली आन...” आणि आवाज मध्येच तुटला. वळून बघतो तर हात झाकणाला चिकटलेला, तोंड उघडं, डोळे माझ्यावर. आवाज नाही. घराएवढ्या लाटा मी अंगावर घेतल्यात, पण ती शांतता ऐकून माझं रक्त गोठलं.

त्या दिवशी आमच्याकडेच असलेले भाऊजी तिला ओढायला झेपावले. “हात नका लावू!” मी किंचाळलो आणि उडालोच, पाय जमिनीला लागले असतील तर शपथ. बोर्डाचं झाकण खाऱ्या हवेनं गंजून घट्ट बसलेलं. नख उलटलं. कसाबसा खटका ओढला तेव्हा आय पाटीतल्या बोंबलांवर कोसळली. आणि खोकली. तो खोकला मला आरतीसारखा वाटला.

बोईसरच्या दुकानात विचारलं तेव्हा कळलं. एमसीबी फक्त तारेवर जादा भार आला की पडते. माणूस चिकटला तरी तिला पत्ता नसतो. माणसाला वाचवतो तो तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तोच आम्ही काढला होता. वर फ्रीझरच्या बारीक तारेला त्रेसष्ट अँपिअर. तार पेटली असती, घर गेलं असतं, तरी ती एमसीबी ताठ उभी राहिली असती. अर्थिंगची तार तर खारानं कधीच खाल्लेली.

वायरमननं सोळाची एमसीबी, नवा आरसीसीबी, नवं अर्थिंग केलं. फ्रीझर लावला. धाड! खटका पडला.

“कंप्रेसरमधून करंट गळतोय,” वायरमन म्हणाला.

भाऊजी चाचरले, “तो दुरुस्त होईस्तवर खटका काडून ठेवू का? पापलेट नासंल.”

“जावयबापू,” आय म्हणाली, “दर्यात पापलेट लय हाय. बोर्डाला हात लावाल तर तुमालाच खारवून वाळत घालीन.”

मला तिनं मासे वाटून टाकायला सांगितले. फ्रीझरची पिन सॉकेटातून काढून माझ्या पायाशी ठेवली होती, तरी झाकणाला हात लावायची माझी छाती होईना. शेवटी आयनंच ते उघडलं.