मंगरू उईकेंची चोवीस संघांची लीग

रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मंगरू उईके ओसरीवर चार फोडलेले चिंचोके टाकत. जितके पांढरे पडतील, तितके गोल. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी देशाची फुटबॉल लीग वहीत वाढवायला घेतली होती. वहीतलं साल २०४५, संघ चोवीस, शेवटचे दोन खालच्या विभागात जाणार. कोलकाता, गोवा होतेच, त्यांचं गाव पवनारही होतं. कापूस वेचणीच्या महिन्यात लीगला सुट्टी, कारण तेव्हा मॅच पाहायला माणसं कुठून येणार?

पवनारला वर टिकायला शेवटच्या मॅचमध्ये गोव्याशी बरोबरी पुरेशी होती. त्यातच मंगरूंचा जीव अडकला होता. गोव्याचा एक गोल झाला. पवनारच्या वेळी चारही चिंचोके काळे पडले.

"बाबा, अजून एकदा टाका. कोण पाहून राह्यलं?" मुलगी दामिनी म्हणाली.

"गोवावाले इथं नाईत, म्हणून तं लबाडी करता येत नाई."

"सोताच्या गावाले सोताच बुडवणारा माणूस आजच पाह्यला," चहा देताना त्यांची बायको गंगाबाई हसल्या.

मंगरूंनी पवनारच्या नावावर रेघ ओढली आणि चहाचा घोट घेतला. दामिनी वर्ध्याच्या बसला निघाली.

"येतानी एक वही आणजो," ते म्हणाले. "खालच्या विभागाले हिच्यात जागा नाई."