वास सुरणाचा, आळ कारखान्यावर

पाम गावात घाण वास सुटला की बोट आधी तारापूरच्या कारखान्यांकडे जातं. त्या ज्येष्ठातही तसंच झालं. उंदीर मरून चार दिवस झाल्यासारखी दुर्गंधी. दारंखिडक्या बंद. शेजारच्या प्रदीपने तर तक्रारीचा अर्जही लिहून काढला. चंद्रकांता मात्र ओटीवर बसून गालातल्या गालात हसत होती. हा वास तिच्या ओळखीचा होता, लग्न होऊन इथे आली त्या वर्षापासूनचा.

तेव्हा परसापरसात सुरण असायचा. ज्येष्ठात पानाच्या आधी जमिनीतून जांभळं, सुरकुतलेलं फूल वर यायचं. तिने नाक धरलं की नवरा, नरहरी, हसायचा. "तुला कुठं बोलावलंय त्यानं? माशीला बोलावलंय."

परसात बसून तो सांगायचा, ती ऐकायची. मोगरा दिवस कलता उमलतो, कारण त्याचे पतंग अंधार पडल्यावर निघतात. पांगारा लालभडक, पण वासाच्या नावाने शून्य. पक्षी रंग बघून येतात. सुरणाने गिऱ्हाईक म्हणून माशी धरली. माशीला आवडतं सडकं मांस. ज्या फुलाला तसा वास आला त्यालाच दाणे धरले, बाकीच्यांचा वंश बुडाला. पिढ्यान् पिढ्या असं होत होत सुरणाचं खाटकाचं दुकान झालं. शाळा दोघांचीही चौथीपर्यंतच.

पुढे परसांत फरशा आल्या, सुरण बाजारातून येऊ लागला. नरहरीने जायच्या आदल्या वर्षी दोन गड्डे लावले. "खणू नको हां. एकदा दाण्यांचं लाल कणीस बघू." ते बघायला तो राहिला नाही.

सात वर्षं तिने गड्ड्यांना हात लावला नाही. गेल्या साली एकच फूल आलं, वाया गेलं. सुरणाचं फूल दाणा धरायला तयार असतं पहिल्या दिवशी, आणि त्याची पिवळी भुकटी सुटते दुसऱ्या दिवशी. एकट्याचं जमतच नाही. माशीने भुकटी दुसऱ्या फुलातून आणावी लागते. यंदा एक काल उमललं होतं, दुसरं आज.

आणि आजच कारखान्यांना सुट्टी. धूर नाही, तरी वास! प्रदीप नाकाला रुमाल लावून वासाच्या मागोमाग थेट तिच्या परसात पोचला.

"काकी, हे तुझं हाय? मी अर्जावर गावभर सह्या घेत फिरलो!"

"माझी नाय घेतलीस, तिथंच चुकलास."

"हसू नको. पोरं जेवत नायत घरात. कापतो मी." त्याने भिंतीला टेकवलेला कोयता उचलला.

चंद्रकांताचं हसू मावळलं. ती फुलाच्या पुढ्यात जमिनीवरच बसली. "उद्यापर्यंत थांब रे. वास आपसूक जाईल. काकांनी लावलाय तो. लाल कणीस बघायचं होतं त्यांना."

प्रदीपने फुलांकडे पाहिलं. कालच्या फुलातून एक माशी निघाली, पाठ पिवळी करून, आणि आजच्या फुलात शिरली. त्याने कोयता जागेवर ठेवला. "उद्यापर्यंतच हां, काकी."

दुसऱ्या दिवशी वास गेला. नवरात्रात दांड्यावर लाल दाण्यांचं कणीस पिकलं आणि बुलबुल येऊन बसला. चंद्रकांताने त्याला हाकललं नाही.

"आता वास कसा नाय?" प्रदीपने विचारलं.

"आता गिऱ्हाईक बदललं."

त्याने चार दाणे मागून घेतले, कुंपणाच्या पलीकडे आपल्या बाजूला पुरले. "माझ्याकडे फुलला तर वासावरून ओरडशील ना, काकी?"

"सात-आठ वर्षं लागतील रे. तोवर मी असेन-नसेन," ती म्हणाली. "माझा अर्ज आत्ताच लिहून ठेव. सही देते."