उजवी कूस

पाटणकर सर रामघाटाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबत आणि गंगेकडे तोंड करून उभे राहत. लोकांना वाटे, दर्शन घेताहेत. "दर्शन कसलं! दम खातोय," ते मला म्हणत. लहानपणीच्या क्षयाने त्यांचं डावं फुफ्फुस अधू झालं होतं, आणि वैद्यकीय महाविद्यालयात ते आम्हाला शिकवायचे श्वसनच.

नव्वदच्या दशकात मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातून काशीला डॉक्टरी शिकायला गेलो. आमच्या घरात पदवीच्या वाटेला लागलेला मी पहिलाच. इंग्रजी पुस्तकं डोक्यावरून जात. हे ओळखून सरांनी एका सकाळी मला घाटावर बसवलं. समोर रिकाम्या नावा डुलत होत्या. शेजारच्या घाटावर यात्रेकरूंची गर्दी, पण नाव एकही नाही.

"नावाही आहेत, माणसंही आहेत. पार कोण गेलं?"

"कोणीच नाही, सर."

"फुफ्फुसाचंही तसंच रे बाबा. हवा म्हणजे नावा, रक्त म्हणजे उतारू. दोघं एकाच घाटावर भेटायला हवीत. आणि रक्ताला पाण्याचीच खोड, उताराकडे धावतं." म्हणून एका फुफ्फुसात आजार असेल तर रोग्याला चांगल्या कुशीवर निजवावं, म्हणजे रक्त हवा असलेल्या बाजूला जातं. "चांगलं खाली," हे त्यांचं पालुपद.

घरी सर आणि त्यांचे थोरले बंधू अण्णा, दोघेच. अण्णा वेदपाठशाळेत शिकवत. आईवडिलांमागे सरांना त्यांनीच वाढवलेलं. दुपारी जेवण झालं की शेजारशेजारच्या खाटांवर वामकुक्षी, आणि तीही डाव्याच कुशीवर, हा अण्णांचा दंडक.

एका थंडीत सरांच्या डाव्या फुफ्फुसाला न्यूमोनिया झाला. थोडं बरं वाटताच ते हट्टाने इस्पितळातून घरी आले. मी दुपारी भेटायला गेलो, तर सर डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून धापत पडलेले. ओठ निळसर. पाठीमागे अण्णा आपल्या खाटेवर.

"सर, कूस बदला ना."

"अण्णांना झोप लागू दे," सर कुजबुजले. "वाद घालायचं त्राण नाही रे आता."

"काय खुसुरफुसुर चाललीय?" अण्णा जागेच होते. "जेवल्यावर डावी कूसच. डॉक्टरसाब, आधी पास तर व्हा!"

अण्णांना मी नेहमी बिचकून असे. तरी म्हणालो, "अण्णा, इकडे येऊन सरांचं तोंड तर बघा."

ते कुरकुरत उठले, खाटेला वळसा घालून खिडकीशी आले. बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी धाकट्या भावाला उजव्या कुशीवर वळवलं. हळूहळू धाप उतरली, ओठांवर रंग आला.

"बबन, तुला हे ठाऊक होतं?" अण्णांनी सरांना विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही डावी म्हणालात ना," सर थकल्या आवाजात हसले.

अण्णा मटकन आपल्या खाटेवर बसले. "इतकी वर्षं मला तुझी नुसती पाठच दिसत होती."

त्यानंतर दुपारी सर उजव्या कुशीवर, अण्णा डाव्या, दोघे समोरासमोर. सर आणखी एक हिवाळा पाहून गेले. आजही रोग्याला कुशीवर वळवताना माझ्या हाताखाली त्यांचाच खांदा असतो.

ते गेल्यावर मी अण्णांना भेटायला गेलो. ते जेवून डाव्या कुशीवर आडवे झाले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही रिकामी खाट आत ठेवू का?"

"राहू दे," अण्णा म्हणाले. "मग मी बघू कुठे?"