कुसुमवहिनींच्या हाताचं तेल

लष्कर नावाच्या वस्तीत, खासगी बाजारात राहणाऱ्या कुसुमच्या हाताला गुण आहे, असं पहिल्यांदा कोण म्हणालं देव जाणे. जो कुणी म्हणाला त्याच्या जिभेला काही हाड नव्हतं एवढं खरं. तेव्हापासून त्या बाईच्या मागे दिवाळीचं तेल जे लागलं ते लागलंच. दसरा झाला की साऱ्या गोतावळ्याच्या रिकाम्या बाटल्या तिच्या ओसरीवर येऊन उभ्या राहायच्या. नया बाजारातल्या थोरल्या नणंदेची, मंदाताईंची एक, त्यांच्या जावेची एक, आणि जावेच्या माहेरचीसुद्धा! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय.

आणि तेल म्हणजे काय चहा आहे, ठेवला नि उकळला? माका पाट्यावर वाटायचा, रस पिळायचा, ब्राह्मी निवडायची, आवळे ठेचायचे, मग तिळाच्या तेलात सगळं घालून गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर दिवसभर ढवळत बसायचं. डोळ्यांत धूर, कंबरेचा काटा ढिला, आणि हात आठवडाभर हिरवे.

यंदा तिचा भाऊ श्रीपाद दसऱ्यानंतर उज्जैनहून तिला न्यायला आला होता. आई थकली होती. "कुसुमबरोबर एक दिवाळी काढू दे रे," म्हणून तिनं धाडलं होतं. कुसुमनं जाते म्हणून सांगितलं, ट्रंकसुद्धा काढली. पण तिचे यजमान मुकुंदराव, दरबारच्या कचेरीतले कारकून, पान लावता लावता म्हणाले, "आणि तेलाचं कोण बघणार? पुढच्या वर्षी पाहू की." गेल्या वर्षीही ते हेच म्हणाले होते, त्याच्या आदल्या वर्षीही. श्रीपाद एकटाच परत गेला. पुढच्या वर्षी आई असेल का, हे विचारायचं त्राणही कुसुममध्ये उरलं नव्हतं.

तेल झालं की नाही ते ती वातीवर बघायची. कापसाची वात कढईत भिजवून पेटवायची. तडतडली तर पाण्याचा अंश आहे, मुकाट जळली तर तेल झालं. तेव्हा लगेच कढई उतरवायची, नाहीतर पाला करपतो.

यंदा वात मुकाट जळली, आणि कुसुम उठली नाही.

तिनं ठरवलंच होतं. एकदा तेल बिघडलं, चारचौघांत नाव गेलं, की पुढच्या वर्षी कोण अडवतंय! पाला काळा पडला, करपट वास घरभर झाला, तरी ती भिंतीला टेकून बसून राहिली. आपणच वाटलेल्या माक्याचं वाईट वाटून तिला रडू आलं, पण तिनं कढईला हात लावला नाही. मग तेच तेल गाळून तिनं सगळ्यांच्या बाटल्या भरल्या.

नरकचतुर्दशीला अभ्यंग आटोपून मंदाताई फराळाला आल्या. कुसुमनं फराळाच्या ताटल्या पुढे ठेवल्या. आता बोल लावतील, मग लावू देत.

"काय ग बाई तेल झालंय यंदा! एकदम बढिया!" मंदाताई चकलीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "रंग कसा काळाभोर! सासूबाईंना तर अशी झोप लागली म्हणतेस. पुढच्या वर्षी माझ्या दोन बाटल्या हं."

"तिच्या हाताला गुणच आहे," मुकुंदराव चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाले.

कुसुम बघतच राहिली. गाढवाला गुळाची चव काय! इतकी वर्षं ती वातीवर डोळा ठेवून बसली होती ती कुणासाठी?

"वन्सं, ते करपलंय," ती म्हणाली.

"झालं! हिचा आपला विनय," मंदाताई भावाला म्हणाल्या.

"मी मुद्दाम करपवलं. केसांना हात लावून वास घ्या."

मंदाताईंनी हसत हसत वेणीवरून हात फिरवला, नाकाशी नेला, आणि त्यांचं हसू मावळलं. मुकुंदरावांनीही कपाळ चोळून बोटं हुंगली. ते चिडले, पण आवाज चढेना.

"अगं, मनात एवढं होतं तर तोंडानं बोलायचं नाही का?"

कुसुमनं त्यांच्यापुढची रिकामी ताटली उचलली.

"दर वर्षी तेच तर बोलते," ती म्हणाली. "मला आईकडे जायचंय."